जुन्याच्या शेजारी ठेवा

मी एकदा मौनाचं व्रत धरलं होतं. चाळीस दिवसांचं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा, आणि त्यातलं तेल संपून तो आपोआप शांत होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. साधारण तासाभराचा दिवा. घरात सगळ्यात जास्त बोलणारी मीच, त्यामुळे आमचे हे म्हणाले होते, "तुझ्या देवाचं माहीत नाही, मला तर तो आत्ताच पावला."

मागणं एकच होतं. माझी लेक पुन्हा हसू दे.

तुम्ही आज पेन ड्राइव्ह मागायला आलात, ताई. तुमचे सासरे गेले, त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मुलीला खेळांसाठी नवी सिस्टिम टाकायची आहे म्हणालात. पेन ड्राइव्ह देणारच आहे मी. पण जरा टेका. एवढं ऐका आणि मग न्या. घाबरवायला सांगत नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये, इतकंच.

माझे धाकटे दीर आमच्याकडेच राहायचे. ती मागची खोली दिसते ना, ती त्यांची. लग्न केलं नाही. घरी बसून इमारतींच्या नळांचे नकाशे काढायचे, आणि काम संपलं की त्याच लॅपटॉपवर माझ्या लेकीला घेऊन खेळायला बसायचे. आम्ही तिला बिट्टी म्हणतो. ती पाच वर्षांची होती तेव्हापासूनचा हा शिरस्ता. एका बाकड्यावर दोघं. ती डावीकडे अक्षरांच्या बटणांवर, ते उजवीकडे बाणांच्या बटणांवर. मध्ये शेंगदाण्यांची वाटी, आणि खोलीभर त्यांच्या बामाचा वास. मान कायम आखडलेली असायची त्यांची.

खेळही मला तोंडपाठ झाला होता. एक भलंमोठं अंधारं घर, मजल्यावर मजले. दोन माणसं जिने चढत जातात. तिचं माणूस लाल टोपीचं, त्यांचं निळ्या. प्रत्येक मजल्यावर एक जड दार, आणि दाराबाहेर जमिनीत एक दगड. एकानं दगडावर उभं राहायचं, म्हणजे दार वर जातं. मग दुसऱ्यानं आत जाऊन कळ ओढायची, म्हणजे दार उघडंच राहतं आणि बाहेरचाही आत येतो. एकट्यानं काही होत नाही. फक्त सगळ्यात वरच्या, शेवटच्या दाराला आतून कळ नाही. तिथे एक आत जातो आणि एक बाहेर राहतो. मग खेळ संपतो.

त्या दारापाशी दोघं पोचले तेव्हा बिट्टी बारा वर्षांची होती. आत कोण जाणार यावर भांडण जुंपलं. "काका, मी जाणार." "तू लहान आहेस, अंधारात भिशील." "मग कुणीच जायचं नाही. उद्या बघू." भावजी हसत म्हणाले, "बरं, उद्या."

त्या पहाटे त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. अकरा दिवसांनी आम्ही त्यांच्याशिवाय परत आलो.

बिट्टी रडली नाही. हसणंही थांबलं. जेवायची, शाळेत जायची, विचारलं तर उत्तर द्यायची. वर्ष गेलं, वर आणखी सहा महिने गेले. घरात घड्याळ चालावं तशी पोर चालत होती. तेव्हा मी तो दिवा लावला.

व्रताला वीसेक दिवस झाले असतील. शाळेतून येऊन एके दिवशी तीच म्हणाली, "आई, काकाचा लॅपटॉप मला देशील? मैत्रिणी खेळतात ते खेळ मलाही खेळायचेत." दीड वर्षात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. माझ्या जीवात जीव आला. मीच तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकान एक तरुण बाई चालवते. केसांच्या अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर खोचलेला, बोलणं फटकळ, हात देवाचा. तिनं लॅपटॉप उलटा केला आणि आधी बॅटरी काढून बाजूला ठेवली. उशीसारखी फुगली होती ती. "ही आता घरात नको. यापुढे चार्जरवरच चालेल हा. वायर निघाली की बंद, एवढं लक्षात ठेवा." मग म्हणाली, यातली जुनी सिस्टिम इतकी जड झालीय की खेळ सोडाच, चालू व्हायलाच अर्धा दिवस लागेल. त्याऐवजी फुकट मिळणारी, हलकी, दुसरी सिस्टिम टाका. पेन ड्राइव्ह भरून दिला आणि बिट्टीला सगळं समजावलं. "एकच अडचण, याचं वाय-फाय नव्या सिस्टिमला ओळखू येत नाही. इंटरनेट नसेल. खेळ मी यातच घालून देते. आणि जुने खेळ नव्यात चालवायची एक सोयही टाकते." जाता जाता म्हणाली, "विचारेल तेव्हा सगळं पुसून टाक गं. जागा कमी आहे."

रविवारी दुपारी बिट्टी मागच्या खोलीत बसली. लॅपटॉपच्या पडद्याची बिजागरी मोडलेली, म्हणून मागे दोन पुस्तकांचा टेकू. थोड्या वेळानं हाक आली.

"आई, इकडे ये. हे विचारतंय."

पडद्यावर दोन ओळी होत्या. एक, सगळं पुसून नवीन टाका. दुसरी, जुन्याच्या शेजारी ठेवा.

"पुसलं तर काय जाईल?" मी विचारलं.

"काकाचं सगळं."

अगदी सपाट आवाजात म्हणाली ती. भावजींचे नकाशे, त्यांचे फोटो, ते अर्धवट राहिलेलं दार. इस्पितळातून आणलेल्या त्यांच्या कपड्यांची पिशवीसुद्धा मी अजून उघडली नव्हती.

"पुसू नकोस," मी म्हटलं. "त्यांचं त्यांच्या जागी राहू दे. हयातभर कुणाची जागा अडवली नाही त्यांनी, आता काय अडवणार?"

मग एक लांब पट्टी आली. मधली रेघ सरकवायची, जुन्याला किती आणि नव्याला किती ते ठरवायचं. "काकाला किती देऊ?"

"निम्मी दे."

बाहेरून हे ओरडले, "वाटणी चाललीय आणि थोरल्या भावाला कुणी विचारतही नाही. छान."

बिट्टीच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला मला. मीच नको म्हटलं, मीच निम्मी जागा दिली. विसरू नका हे.

काम झालं. तेव्हापासून लॅपटॉप सुरू केला की आधी दोन नावं यायची. वर नवी सिस्टिम, खाली जुनी. दहा सेकंद मोजायचं ते, आणि कुणी हात लावला नाही तर आपणच वरची उघडायचं.

चौथ्या दिवशी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि मागच्या खोलीतून हसणं आलं. आधी नाकातून, मग मोकळं, आणि शेवटी उचकी लागल्यासारखं. भावजी असताना हसायची तसंच. हातातला टॉवेल तसाच घेऊन मी देवापुढे गेले आणि डोकं टेकलं. डोळ्यांना धार लागली होती. ताई, त्या क्षणी मला कुणी काही सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मागितलेलं मिळालं होतं.

मग दार लोटून पाहिलं. बिट्टी बाकड्याच्या अगदी डाव्या टोकाला बसली होती, निम्मी बाहेर.

"पडशील. मधोमध बस की."

"बसलेय ना नीट."

पडद्यावर जिने होते. लाल टोपी पुढे, निळी मागे. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, तापलेल्या धुळीचा वास येत होता, आणि त्याच्याखाली पुसट असा दुसरा वास. मला वाटलं, खोली त्यांची, गादीत मुरला असेल बाम.

"हा तर तुमचा जुना खेळ."

"जुन्या भागातून इकडे आणला. चालतो."

"आणि काकाच्या माणसाला कोण चालवतं?"

तिनं खांदे उडवले. "लॅपटॉपच चालवत असेल. छान खेळतो, आई. काकासारखाच उगाच उड्या मारतो."

संध्याकाळी दिवा शांत झाल्यावर मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "हल्ली यंत्रंच खेळतात सगळं. पोर हसतेय ना? मग झालं." मीही म्हटलं, झालं.

पुढचे पंधरा दिवस ती शाळेतून यायची ती थेट मागच्या खोलीत. हसणं यायचं, बोलणं यायचं. "थांब ना... आले... आता तू चढ." मी ऐकत ऐकत काम करायची. मैत्रिणींचे खेळ तिनं उघडूनही पाहिले नाहीत. जेवण कमी झालं. हात गार लागायला लागले. हवा बदललीय, मी म्हणायची. मनाला हवं ते मन म्हणतं.

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपार कलताना मी बिजागरीचा स्क्रू आणायला दुकानात गेले. बाई डबा धुंडाळत म्हणाली, "मग? कुठला खेळ आवडला बिट्टीला?"

मी जिन्यांच्या घराचं सांगितलं.

"अय्या, तो होय. मी नि माझ्या भावानं फार डोकी फोडलीत त्याच्यात. पण ती खेळते कुणाबरोबर?"

"एकटीच. दुसऱ्याला लॅपटॉप चालवतो ना."

"नाही हो काकू. ती सोयच नाही त्यात. दोन माणसंच लागतात, एकाच कीबोर्डवर. दुसरं कुणी नसलं तर ते बाहुलं नुसतं उभं राहतं."

"इंटरनेटवरून कुणी..."

बोलता बोलता मीच थांबले. तीही. डब्यातला हात तिनं हळूच बाहेर काढला.

"कितव्या मजल्यावर आहे ती?"

"सकाळी म्हणाली, शेवटच्या दाराशी आलोय." आलोय, म्हणाली होती. ते मला तिथे, त्या दुकानात ऐकू आलं.

"लॅपटॉप घेऊन या," बाई म्हणाली. "मी पुसून देते. आजच आणा, काकू."

स्क्रू तिथेच राहिला. मी घरी आले तेव्हा उजेड जवळजवळ गेला होता. हे कामावरून यायचे होते. आणि आता ऐका, माणसाचा हात कसा असतो ते. घरात शिरले, चप्पल काढली, हात धुतले आणि दिवा लावला. एकोणचाळीस दिवसांची सवय. काडी विझवली तेव्हा लक्षात आलं, आता मला बोलता येणार नाही. एकच दिवस उरला होता. ज्याच्यासाठी धरलं ते पदरात पडलेलं, आणि मोडलं तर ते जाईल, ही भीती.

तेवढ्यात वीज गेली.

घर एकदम गप्प झालं. फ्रिज थांबला, रस्त्यावरचे दिवे गेले. फक्त माझा तो एवढासा दिवा. आणि मागच्या खोलीच्या दाराखाली निळसर उजेडाची रेघ.

मला वाटलं, डोळ्यांचा भास. मग पंख्याची घरघर ऐकू आली. बॅटरी नसलेल्या लॅपटॉपच्या पंख्याची.

मी दार लोटलं. बामाचा वास इतका आला की डोळे चुरचुरले.

"आई, आलीस?" बिट्टी वळली नाही. "बोलू नकोस हं. तुझा दिवा जळतोय अजून."

ती डाव्या टोकाला बसली होती. बाकड्यावरच्या गादीची उजवी बाजू दबलेली होती. तिथे कुणी नव्हतं. आणि कीबोर्डवर बाणांची बटणं हलकेच खाली जात होती, वर येत होती. टक... टक टक... टक.

"काका म्हणतो, आज थांबायचं नाही. रोज उद्या उद्या करतो आपण." तिचा आवाज झोपेतल्यासारखा होता. "तो दगडावर उभा राहतोय. मी जाते."

पडद्यावर निळी टोपी दगडावर होती. दार वर उचललेलं. लाल टोपी दाराकडे एकेक पाऊल टाकत होती. दाराच्या आत काळं होतं, पण पडदा काळा असतो तसं नव्हे. विहिरीत वाकून पाहिल्यावर असतं तसं. तिथून गार हवा येत होती. त्या हवेनं बिट्टीच्या कपाळावरचे केस उडत होते. आणि ती पुढे झुकत चालली होती, नाक पडद्याला लागेल इतकी.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दगडासारखी गार पोर.

तेव्हा मी तोंड उघडलं.

"भावजी..."

बाणांची बटणं थांबली.

"भावजी, मी वहिनी." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "जागा मीच ठेवली तुम्हाला. चुकलं माझं. एकटे पडलात, कळतंय मला. पण लेकरू आहे हो ते. तुम्हीच म्हणाला होतात, अंधारात भिईल... तुम्ही जा. दगडावर आम्ही थांबतो."

काहीच हललं नाही. फक्त पंखा.

"नको ना, आई." बिट्टीचा आवाज फुटला. "तो गेला तर परत नाही येणार. आतून कळ नाहीये त्याला."

"माहितीय, बाळा."

मी तिचं बोट ओढलं नाही. तिच्या हातावर नुसता हात ठेवून उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मग तिनंच बटण दाबलं. लाल टोपी दारातून मागे फिरली. एकेक पाऊल. निळी टोपी दगडावरून खाली उतरली, लाल वर चढली. निळी दारापाशी जाऊन जरा थांबली. आणि आत गेली.

दार खाली आलं. पडदा विझला. बाकड्यावरची गादी सावकाश फुगून सारखी झाली, तिचा आवाज मी ऐकला.

बिट्टी माझ्या कुशीत शिरून रडली. दीड वर्षाचं सगळं. वीज आली, हे आले, तरी रडत होती. मी देवाला म्हटलं, व्रत मोडलंय, जे काय असेल ते मला दे, तिला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच दुकानात गेले. बाईनं लॅपटॉप सुरू केला. पुसायच्या आधी तिनं तो खेळ उघडून पाहिला आणि बराच वेळ बघतच राहिली. मग पडदा माझ्याकडे वळवला. खेळ पूर्ण, असं लिहिलं होतं. त्याखाली, आत गेले: दोन.

"असं येतच नाही," ती म्हणाली. "आमचं कायम एकच यायचं. दोघं आत जाऊच शकत नाहीत, काकू. कुणीतरी दगडावर हवंच."

"लाल टोपी बाहेर होती. मी पाहिलंय."

तिनं पडदा परत आपल्याकडे वळवला. सगळं पुसलं. जुनं, नवं, पट्टीवरची दोन्ही घरं. पुन्हा एकच सिस्टिम टाकून दिली. तो लॅपटॉप आता कपाटात आहे, कुणी उघडत नाही.

बिट्टी छान आहे. खरंच छान आहे, ताई. जेवते, मैत्रिणींकडे जाते, हसतेही. वेगळं हसते, मोठ्या मुलीसारखं, पण हसते.

फक्त त्याच आठवड्यात एकदा मी दिवा लावून तिला हाक मारली. "बिट्टी." मागच्या खोलीतून "ओ" आली. तिचीच, स्वच्छ. मी वळले तर ती माझ्या पाठीशीच उभी होती, हातात पाण्याचा तांब्या, ओठ मिटलेले. हे टेबलाशी बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ती आत आहे का?" मग त्यांनी मान वर केली आणि तिला पाहिलं. त्या दिवसापासून या विषयावर हे विनोद करत नाहीत.

म्हणून मी नवं व्रत धरलंय. याला दिवसांची मोजणी नाही. रोज दिवा लावल्यावर तिला हाक मारायची, मागून ओ आली तरी तिकडे बघायचं नाही, आणि ती समोर येऊन उभी राहिली की तिचे दोन्ही हात हातात धरायचे. पोर कंटाळते, "काय गं आई रोज रोज" म्हणते, पण हात देते. गेल्या आठवड्यापासून एवढंच नवीन आहे की ओ आता माझ्या हाकेच्या आधी येते.

तर ताई, माझं एवढं ऐका. सासऱ्यांचं जे काढून ठेवायचं ते आधी काढून ठेवा, आणि विचारेल तेव्हा सगळं पुसा. माया करू नका. आणि आजपासून तुम्हीही हे धरा. तिन्हीसांजेला मुलीला हाक मारा, आणि ओ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. समोर उभी करा, हात धरा, ऊब आहे का बघा. माझ्या बिट्टीचे हात ऊबदार असतात. अजूनपर्यंत तरी रोज असतात.